चित्र जरा वर धर

सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी हातात होती आणि फरहाचा फोन थरथरला. शनिवारची शाळा सकाळची असते, त्यामुळे ती कोसमटोल्याहून स्कूटीने साडेअकरालाच अहेरीत पोचली होती आणि घरी जाण्याआधी बाजारात शिरली होती. पर्स काखेत दाबून तिने अंगठ्याने पडदा सरकवला, तर समोर पायलचा फोटो. तिच्या वर्गातली, तिसरीतली पायल. दोन वेण्या, त्यातली एक फीत सुटलेली, डोळे रडून सुजलेले, आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलेला चित्रकलेचा कागद. कागदावर निळ्या खडूने खसाखसा रंगवलेलं तळं, तळ्यात गळ्यापर्यंत बुडालेला माणूस आणि माणसाच्या हातापासून चार बोटांवर तरंगणारी एक गुलाबी चप्पल. खाली मजकूर होता. 'आमच्या शाळेच्या मनमैत्रीण फरहा मॅडम यांनी कु. पायल इस्तारी भोयर हिच्या मनातील वेदना बोलती केली. आपली चप्पल काढायला गेले म्हणून वडील बुडाले, हे दुःख ही चिमुकली चार महिने उरात बाळगून होती. मॅडमचे हार्दिक अभिनंदन.' त्याखाली अंगठे, फुलं, टाळ्या वाजवणारे पिवळे हात. तालुक्यातल्या शिक्षकांच्या त्या गटात तीनशे अकरा माणसं होती. आकडा तिला मुद्दाम पाठ करावा लागला नव्हता. आकडे तिच्या डोक्यात आपोआप राहत.

"घेतं का नाई बाई? मुठीतच सुकवशीन आता," भाजीवाली म्हणाली.

फरहाने मूठ सोडली. दांडे चेपून हिरवं पाणी तळहाताला लागलं होतं. तिला आधी वाटलं, चक्कर येते आहे. कान गरम झाले होते, जीभ टाळ्याला चिकटली होती, आणि शेजारी वाळल्या झिंग्यांचा ढीग उपसणाऱ्या माणसाचा आवाज फार लांबून येत होता. हा राग आहे हे कळायला तिला चांगलं अर्धं मिनिट लागलं. सदतीस वर्षांच्या आयुष्यात तिला राग आला नव्हता असं नाही, पण तो नेहमी दुसऱ्या दिवशी यायचा, भांडी घासताना वगैरे, आणि तोवर ज्याच्यावर यायचा तो माणूस निघून गेलेला असायचा. हा मात्र जागच्या जागी आला. तिने पिशवी भाजीवालीच्या पोत्यावर ठेवली, मी आलेच म्हणाली, आणि दोन दुकानांमधल्या बोळात उभी राहून मुख्याध्यापकांना फोन लावला.

"अभिनंदन, मॅडम!" सुरेंद्र सरांनी पहिल्याच घंटीला उचलला. "गटशिक्षणाधिकारी साहेबांनी स्वतः अंगठा दिला ना जी. पलीकडच्या मुलचेरा तालुक्याच्या गटातही गेला."

"गेला म्हणजे काय, सर?"

"कोणीतरी पुढे पाठवला. चांगली गोष्ट पसरतेच."

"तो काढून टाका. आत्ता."

"काऊन? स्पष्ट तर आला हाय. मागच्या वेळी हात धुवायच्या दिवसाचा किती धुरकट होता, आठवा."

"सर, ते तिने मला एकटीला सांगितलं होतं."

मग सर म्हणाले, त्यात टोमणा नव्हता, खरोखरीचं कोडं होतं, "मंग तुमी अहवालात काऊन लिहिलं, मॅडम? म्या आपल्या मनचं एक अक्षर नाई टाकलं. जे तुमचं होतं तेच टाकलं."

तेच टाकलं होतं. ती फोन कानाला लावून उभी राहिली. शिव्या द्यायला समोर एक नीच माणूस असता तर बरं झालं असतं. पण सुरेंद्र सर नीच नव्हते. नाल्याला पूर आला की पँट गुडघ्याच्या वर गुंडाळून एकेका मुलाला खांद्यावरून पलीकडे सोडणारे होते, आणि खिचडीत मीठ कमी पडलं तर स्वतःच्या घरून आणणारे. त्यांनी फोटो गर्वाने टाकला होता. "बरं, काढतो. तुमी म्हणता तं काढतो," ते म्हणाले आणि त्यांनी खरंच काढला. दोन मिनिटांनी गटावर 'हा संदेश हटवला आहे' असं राखाडी अक्षरांत आलं, आणि त्याच्याच खाली कुणा दुसऱ्या शाळेतल्या बाईंनी तोच फोटो पुन्हा टाकून विचारलं होतं, 'कोणाला पाहिजे होता का? माझ्याकडे सेव्ह आहे.'

घरी येईपर्यंत दुपार कलली होती. भाजीची पिशवी बाजारातच राहिली. अंगणात अब्बा गादीत कापूस भरत बसले होते, भुवयांवर, दाढीवर पांढरे पुंजके. लियाकत गादीवाले म्हटलं की दोन नद्यांपलीकडची माणसंही अहेरीतलं घर सांगत. त्यांनी मान वर करून विचारलं, "क्या हुआ?" ती म्हणाली, "कुछ नहीं." त्यांनी पुन्हा कापसात हात घातला. या घरात कुछ नहीं म्हटलं की विषय संपतो. तो नियम तिनेच घालून दिला होता, नऊ वर्षांची असताना.

तिचा धाकटा भाऊ कैफ तेव्हा पाच वर्षांचा होता. ताप डोक्यात गेला आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. मलेरियाने त्या वर्षी तालुक्यात अनेक घरची मुलं नेली होती, तिला तो आकडा पुढे जीवशास्त्र शिकताना वाचायला मिळाला. चौथ्या दिवशी अम्मी अंथरुणातून उठत नव्हती, म्हणून अब्बांनी तिला शाळेत सोडलं. गुरुजी भले होते. परिपाठाला त्यांनी तिला पुढे बोलावलं, मुलांकडे तोंड करून उभं केलं, खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं, फरहाचा भाऊ वारला, आता आपण सगळे दोन मिनिटं शांत उभे राहू. मुलांनी डोळे मिटायचे होते, पण कुणीही मिटले नाहीत. एकशे वीस सेकंद शंभरेक डोळे तिच्यावर होते. पहिल्या रांगेतल्या एका पोराने तिच्या कानातल्या बाळ्यांकडे पाहिलं, दुसऱ्याने तिच्या नाकाकडे, शेंबूड आहे का ते बघायला. आपल्या चेहऱ्याचं काय करावं हे तिला समजेना. शेवटी तो चेहरा हसला. तिने नव्हतं हसवलं, तो आपणहून हसला. त्या वर्षीच्या प्रगतिपत्रकावर गुरुजींनी लिहिलं, 'अत्यंत शांत व समंजस मुलगी.' पुढच्या वर्षीही तेच. चंद्रपूरला बीएस्सी करताना वसतिगृहाच्या बाईंनीही तेच म्हटलं. आणि दीड वर्षापूर्वी गडचिरोलीला मनमैत्री प्रशिक्षणाला प्रत्येक शाळेतून एक शिक्षक पाठवा असं पत्र आलं, तेव्हा सुरेंद्र सर म्हणाले, "मॅडम, तुमीच जा. तुमच्यासारखं शांत कोणी नाई."

प्रशिक्षण दोन दिवसांचं होतं. एका तरुण मुलीने पडद्यावर पाट्या सरकवत सांगितलं, मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा, उपदेश करू नका, मूल चित्रातून बोलतं, त्याला बोलू द्या. फरहाने सगळं वहीत उतरवून घेतलं. चुकीचं त्यात काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर अहवाल कसा भरायचा ते शिकवलं, त्यालाच जास्त वेळ लागला. मुलाचं नाव, इयत्ता, लक्षणं, संभाव्य कारण, केलेली कृती, फोटो. फोटोच्या चौकोनापुढे लाल तारा होता. तो जोडल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नव्हता.

फोटो काही नवा नव्हता. झाड लावलं की फोटो, खिचडी शिजली की फोटो, जंताच्या गोळ्या दिल्या की जिभा बाहेर काढलेल्या एकोणतीस मुलांचा फोटो. मुलंही तयार झाली होती. कुणी फोन वर केला की हातातलं काम सोडून हात बाजूला आणि मान ताठ. पहिलीतली पोरं रडत असली तरी तेवढ्यापुरती थांबत, फोटो झाला की पुन्हा सुरू करत. तिला हे कधी गमतीचं वाटलं होतं. तिने ते अब्बांना सांगितलं होतं आणि दोघं हसलेही होते.

पायलचा बाप इस्तारी बुडाला त्यानंतर नऊ दिवसांनी पायल शाळेत आली. तलावाच्या काठालाच त्यांचं घर, मासेमारी करणाऱ्या ढिवरांची आठ घरं ओळीने. इस्तारी पोहण्यात पटाईत होता, म्हणूनच लोक म्हणाले की पिऊन उतरला असणार, शिंगाड्याच्या वेलांत पाय अडकले असणार. पायल हजेरीला नुसता हात वर करायची. बाकी काही नाही. बसताना पाय फ्रॉकखाली ओढून घ्यायची. वर्गाच्या दाराशी अठ्ठावीस मुलांच्या चपलांचे जोड असत आणि ती अनवाणी येई, पावसाळ्यातल्या चिखलातही. फरहाने हे टिपून ठेवलं, पण विचारलं नाही. तिने काचेच्या बरणीत तलावाचं पाणी आणून खिडकीत ठेवलं, त्यात एक काळा पाणभुंगा होता, आणि खिचडीच्या सुट्टीत ती रोज बरणीपाशी नुसती बसू लागली. चौथ्या दिवशी पायल येऊन शेजारी बसली. सहा आठवडे दोघी बसल्या. भुंगा वर यायचा, पंखांखाली हवेचा बुडबुडा धरायचा, घेऊन खाली जायचा. दिवाळी गेली, थंडी पडली. मागल्या मंगळवारी पायल बरणीकडे बघतच म्हणाली, "हा खाली जाताना हवा घेऊन जाते."

"हो," फरहा म्हणाली.

"बाबानं नाई नेली."

आणि मग ती बोलली. थांबत, गिळत, पण एकदाही न रडता. चप्पल नवी होती. तिने ती पाण्यावर सोडून पाहिली, तरंगते का म्हणून. तरंगली, आणि लांब गेली. बाबा जाळं धुऊन निघाला होता. म्या म्हटलं, आण ना. तो म्हणे, राहू दे, उद्या आणतो. म्या पाय आपटले. मंग तो गेला. हे सगळं सांगून झाल्यावर तिने विचारलं, "तुमी मायले सांगान? ते रडन." फरहा म्हणाली, कुणालाच सांगणार नाही. पायल म्हणाली, "कोणालेच?" फरहा म्हणाली, "कुणालाच." गुरुवारी हजेरीला पायलने हात वर केला नाही. तोंडाने, अगदी बारीक, 'हजर' म्हटलं, आणि वर्गातल्या एका पोराने दचकून मागे वळून पाहिलं.

शुक्रवारी अहवालाची शेवटची तारीख होती.

फरहा पलंगावर बसून तो शुक्रवार पुन्हा पुन्हा पाहत होती, एखादा प्रयोग चुकल्यावर पायरी पायरीने मागे जावं तसा. कुठल्या पायरीला चुकलं? चित्र काढायला सांगितलं, तिथे नाही. पायलने ते काढलं, काढताना पहिल्यांदाच रडली, तिथेही नाही. 'संभाव्य कारण' या रकान्यात तिने खरं कारण लिहिलं. खोटं लिहिता आलं असतं. 'पितृवियोग' एवढं लिहिलं असतं तरी चाललं असतं. पण तिला नेमकं लिहायची सवय होती, तिला त्या नेमकेपणाचा अभिमान होता, आणि हो, ते लिहिताना आपण सहा आठवड्यांत काय साधलं हे कुणाला तरी दिसावं असंही तिला वाटलं होतं. एक क्षण का होईना, वाटलं होतं. मग लाल तारा. तिने फोन वर केला. पायलचे हुंदके थांबले, मान ताठ झाली. पहिला फोटो हलला. तेव्हा फरहा म्हणाली होती, आपल्याच आवाजात, मऊ, समजूतदार, शांत आवाजात म्हणाली होती, "चित्र जरा वर धर."

आणि पायलने धरलं होतं.

इथे आल्यावर रागाला बाहेर जायला जागाच उरली नाही. साहेबांवर, त्या लाल ताऱ्यावर, सेव्ह करून ठेवणाऱ्या बाईंवर तो जाई आणि भिंतीला लागल्यासारखा परत येई. तिने फोन घेतला आणि गटावर लिहिलं, 'हा फोटो मी काढला. मुलीने मला विश्वासाने सांगितलेली गोष्ट मी अहवालात लिहिली. ही माझी चूक आहे. ज्यांच्याकडे हा फोटो आहे त्यांनी तो काढून टाकावा. ज्यांनी पुढे पाठवला त्यांनी ज्यांना पाठवला त्यांना सांगावं.' आठ मिनिटांनी एकाने जोडलेले हात पाठवले. एकाने लिहिलं, 'मॅडम, एवढं भावनिक होऊ नका, तुमचं काम प्रेरणादायी आहे.' मग कुणीतरी वेतनश्रेणीचं पत्रक टाकलं आणि सगळे त्याबद्दल बोलू लागले.

"खाना?" अब्बांनी दारातून विचारलं.

"भूक नहीं."

ते उभे राहिले. मग दारातूनच म्हणाले, "किस पे गुस्सा है, इतना तो बोल."

तिला वाटलं, कुछ नहीं म्हणावं. पण तिच्या तोंडून, एवढ्या मोठ्याने की अंगणातली कोंबडी बिचकली, निघालं, "अपने पे! और उस गुरुजी पे! मुझे सबके सामने काहे को खडा किया था?" कोणते गुरुजी, हे अब्बांना कसं कळावं. पण ते आत आले, कापूस भरल्या हातांनीच पलंगाच्या कडेला बसले, आणि म्हणाले, "मैं भेजा था तेरे को. चार दिन भी नहीं रुका." अठ्ठावीस वर्षांत या घरात कैफबद्दल एवढं कुणी बोललं नव्हतं.

रविवारी सकाळी ऊन वर येताच ती निघाली. सागाच्या जंगलातला रस्ता, वाळकी पानं चाकांखाली चुरचुरत होती, आणि ती काय बोलायचं ते जुळवत होती. जुळवलेलं प्रत्येक वाक्य प्रशिक्षणातल्या पाटीसारखं वाजत होतं. कोसमटोल्यात शिरताना दोन बायांनी तिच्याकडे पाहून पदर तोंडाला लावला. पायलची आई गोकुळा अंगणात बसून जाळ्याची फाटकी घरं गाठत होती. तिने मान वर केली नाही.

"या जी, मॅडम. बसा."

बसायला काही नव्हतं. फरहा सारवलेल्या जमिनीवर बसली.

"पायल?"

"अंदर हाय. काल सांजेपासून तोंड उघडलं नाई तिनं. पाणी नाई पेली." गोकुळाने गाठीचा दोरा दाताने तोडला. "शेजारच्या पियुषनं मोबाइल आणून दाखवला. मंग सात जणी येऊन गेल्या. एक म्हणे, पोरीनं बाप खाल्ला. तिले म्या टोपल्यानं हाणलं."

"चूक माझी आहे, गोकुळाबाई. लिहिलं मी. फोटोही मीच काढला."

"मालूम हाय. तुमचं नाव हाय ना त्याच्याखाली." तिचा हात थांबला. "चार महिने सारं गाव म्हणून राह्यलं होतं का तो पिऊन उतरला. म्या म्हणे, नाई पेला, त्याच्या तोंडाले वास नोहोता. कोणी आयकलं नाई. आता आयकून राह्यले, तं पोरीवर उठले." मग पहिल्यांदाच तिने फरहाकडे पाहिलं. "मले काऊन नाई सांगतलं तिनं? तुमाले सांगतलं. म्या माय नोहो का तिची?"

"तुम्ही रडाल म्हणून."

गोकुळाने हसल्यासारखं काहीतरी केलं. "रडन म्हणे. म्या काय आजवर नाचून राह्यली होती काय?" आणि तिने जाळं मांडीवरून खाली लोटलं, तोंड घराच्या दाराकडे केलं आणि आवाज चढवला, नवऱ्याला बाजारातून हाक मारावी तसा. "आयकून राह्यली काय वं? पोरीची चप्पल वाहून चालली आन् तुहा बाप काठावर उभा राह्यला असता ना, तं म्या त्याले त्या दिवशी जेवू नसतं घातलं! बापाचंच काम होतं ते. तुहं नोहोतं. समजलं का?"

आत काहीतरी हललं. भांडं असावं. मग पायल दारात आली, कालचाच फ्रॉक, विस्कटलेल्या वेण्या. तिने आईकडे पाहिलं नाही. ती सरळ फरहापाशी येऊन उभी राहिली. फरहाची वाक्यं सगळी गळून गेली होती. तिला एवढंच दिसलं की पोरीचे ओठ कोरडे पडून फुटले आहेत. पायलने हात पुढे केला.

"दाखवा."

"काय?"

"फोटो."

फरहाने फोन काढला, फोटो शोधला आणि तिच्या हातात दिला. पायलने तो आजवर पाहिला नव्हता, हे फरहाच्या तेव्हा लक्षात आलं. काढणाऱ्याने पाहिला होता, साहेबांनी पाहिला होता, मुलचेऱ्याने पाहिला होता. पायल बराच वेळ बघत राहिली. स्वतःच्या सुजलेल्या डोळ्यांवर तिने बोट ठेवलं, तसा फोटो मोठा झाला, आणि ती दचकून बोट उचलून पुन्हा बघू लागली.

"हे माहं तोंड हाय ना?"

"हो."

"चित्रबी माहंच हाय."

"हो, तुझंच."

"मंग साऱ्यांजोळ काऊन हाय?"

फरहाने तोंड उघडलं. 'मला माहीत आहे तुला राग आला आहे' असं वाक्य जिभेवर आलं होतं, शिकवलेलं, बरोबर वाक्य. तिने ते गिळलं.

"काऊन हाय?" पायलने पुन्हा विचारलं. आवाज चिरका निघाला, न वापरलेला. "तुमी म्हटलं होतं कोणालेच नाई! मंग काऊन हाय?"

शेजारच्या घरातून एक बाई बाहेर आली. तिच्यामागे पियुष आला. कुणीतरी कुंपणापलीकडून म्हणालं, अगं, मॅडमशी असं बोलतात का, आणि गोकुळा त्या दिशेला न बघता म्हणाली, "बोलू दे तिले."

"काऊन हाय, सांगा ना! काऊन हाय!" पायल ओरडत होती, पाय आपटत होती, फोन धरलेली मूठ फरहाच्या खांद्यावर, गळ्यावर, जिथे लागेल तिथे मारत होती. फरहाने हात वर केला नाही की चेहरा वळवला नाही. पोरगी विचारायची थांबत नव्हती, आणि आठही घरांच्या दारांत आता माणसं येऊन उभी राहिली होती, ऐकत.